न बसणारी धूळ



कामगार संघटनेचा माणूस मातीच्या परीक्षणावर बोलायला उभा राहिला, याचे आपणांस नवल वाटत असेल. आम्ही कॉलेज पाहिलेले नाही. गरज पडली तेवढे शिकलो.

काचेच्या उंच बरणीत मूठभर माती टाका, पाणी घालून घुसळा आणि बरणी ठेवून द्या. वाळू डोळ्यांदेखत तळ गाठते. मागून पोयटा बसतो. चिकणमातीने मात्र पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच असते. केंब्रिजच्या स्टोक्स या गणितज्ञाने 1851 साली याचा हिशेब प्रसिद्ध केला. बारीक कणाचा व्यास निम्मा झाला की बसण्याचा वेग चौथाईवर येतो. 0.02 मिलिमीटरचा कण पाण्यात दहा सेंटिमीटर उतरायला पाच मिनिटेही घेत नाही, 0.002 मिलिमीटरच्या कणाला सुमारे आठ तास लागतात. म्हणजे एक अख्खी पाळी! प्रयोगशाळेत नेमक्या वेळी, नेमक्या खोलीवरचे पाणी काढून वाळवतात, राहिलेल्याचे वजन करतात आणि जमिनीत चिकणमाती किती ते सांगतात.

आम्हांला या हिशेबाची गरज पडली ती गारगोटी दळण्याच्या एका कारखान्यात. कामगार खोकत होते. मालक म्हणाले, "यंत्र थांबले की दहा मिनिटांत धूळ खाली बसते." दिसणारी बसत होती, हे खरे. त्या भरवशावर माणसे दुपारच्या सुट्टीत तोंडावरचा रुमाल सोडून तिथेच डबा उघडत. पण हवेलाही हाच नियम लागू आहे. गारगोटीचा 0.002 मिलिमीटरचा कण अगदी संथ हवेतसुद्धा पाच फूट उतरायला तासाहून अधिक घेतो, आणि कारखान्यातली हवा संथ असते कधी? हा कण डोळ्यांना दिसत नाही. जाड धूळ नाकाघशात अडते. ही फुप्फुसात खोलवर जाते. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. 1948 च्या कारखाना कायद्याने तो कळवणे सक्तीचे केले, तरी पुष्कळदा कागदावर क्षयच लिहिला जाई.

गेटसभेला आम्ही बरणीच नेली. सकाळच्या पाळीला घुसळली, सुटताना दाखवली. पाणी गढूळच होते. म्हाताऱ्या कामगारांनी ती हातात घेऊन उजेडात धरली, बराच वेळ कोणी बोलले नाही.

मागण्या तीन होत्या : दळताना पाण्याचा फवारा, धूळ ओढून घेणारा पंखा, जेवायला वेगळी खोली. खोली महिन्यात मिळाली. फवाऱ्याला दोन पावसाळे लागले.