संगणकाला विचारलेला प्रश्न

(वार्षिक सभेच्या निमित्ताने नियोजित विस्तारित इमारतीच्या वास्तुविशारदांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या रुग्णालयाच्या नव्या इमारतीचा आराखडा तयार करण्याचे काम आपण विश्वासाने माझ्याकडे सोपविले, याबद्दल प्रारंभी कृतज्ञता व्यक्त करतो. आज मी त्या इमारतीची चित्रे दाखवावीत अशी आपली अपेक्षा असणार. तथापि मघाशी चहाच्या वेळी एका ज्येष्ठ देणगीदारांनी मला बाजूला घेऊन एक प्रश्न केला. ते म्हणाले, "साहेब, हल्ली नकाशे तर संगणकच काढतो म्हणतात. मग आराखड्याला एवढे शुल्क आणि एवढे महिने कशाला?" प्रश्न रोखठोक होता आणि रास्तही होता. ज्यांच्या घामाच्या पैशातून ही वास्तू उभी राहणार, त्यांना तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. म्हणून चित्रे थोडी मागे ठेवतो आणि या प्रश्नाचेच उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

मी उमेदवारी सुरू केली ती १९८० च्या दशकाच्या अखेरीस. त्या वेळी कार्यालयात मोठे रेखनफलक, टी-स्क्वेअर आणि शाईची पेने असत. ट्रेसिंग कागदावर चुकलेली रेघ अर्ध्या ब्लेडने हलकेच खरवडून काढावी लागे. हात जरा जड पडला की कागदाला भोक पडे आणि तीन दिवसांचे काम वाया जाई. नकाशांच्या अमोनिया प्रती काढणाऱ्या खोलीत डोळे चुरचुरत. त्या काळाबद्दल मला फारशी हळहळ वाटत नाही. संगणक आला तेव्हा आम्ही तरुणांनी त्याचे मनापासून स्वागत केले.

या साधनाचा उगम मात्र बराच आधीचा आहे. १९६३ साली इव्हान सदरलंड या तरुण संशोधकाने अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये आपला प्रबंध सादर केला. 'स्केचपॅड' नावाच्या त्याच्या आज्ञावलीत माणूस प्रकाशलेखणीने थेट पडद्यावर रेघा ओढू शकत असे. त्याहून महत्त्वाची कल्पना अशी की, एक मूळ आकृती काढावी आणि तिच्या हव्या तितक्या प्रती चित्रात ठेवाव्यात. मूळ आकृती बदलली की सर्व प्रती आपोआप बदलतात. १९८२ मध्ये ऑटोकॅड आले, ते वैयक्तिक संगणकावर चालणारे. पुढे ते आमच्यासारख्या लहान कार्यालयांपर्यंत पोचले आणि मूळ आकृतीची ती कल्पना आमच्या हाती 'ब्लॉक' या नावाने पडली. दरवाजाचा ब्लॉक, खाटेचा ब्लॉक, कमोडचा ब्लॉक. एकदा काढा आणि शंभर ठिकाणी ठेवा.

याच ब्लॉकने मला एक धडा दिला. तो आजवर मी जाहीरपणे कधी सांगितलेला नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावातील एका रुग्णालयाचे नकाशे मी केले होते. स्वच्छतागृहाचा दरवाजा एकदाच काढला आणि इमारतभर ठेवला. तो आत उघडणारा होता, घरात असतो तसा. पडद्यावर सारे देखणे दिसत होते, मापे अचूक होती, एकही रेघ दुसरीला छेदत नव्हती. इमारत सुरू होऊन काही महिने झाले आणि एके पहाटे एक वृद्ध रुग्ण आत चक्कर येऊन पडला, तो नेमका दारावरच. बाहेरून कडी उघडता येत होती. पण त्याच्या अंगाच्या भाराने दार आत ढकलता येईना. जोराने ढकलावे तर त्यालाच इजा व्हायची. शेवटी वॉर्डबॉयने झरोक्याच्या काचा काढून आत उडी घेतली. ते गृहस्थ वाचले. दुसऱ्या दिवशी तिथल्या परिचारिकाबाई मला एवढेच म्हणाल्या, "आम्हांला आधी विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

त्या संध्याकाळी मी कार्यालयात येऊन दरवाजाचा मूळ ब्लॉक उलटा केला. नकाशातील सर्व दरवाजे क्षणात बाहेर उघडू लागले. प्रत्यक्षातले दरवाजे उलटे बसवायला सुतारांना दीड महिना लागला, आणि तो खर्च मी सोसला.

येथे संगणकाचे काहीच चुकले नव्हते. दार कोणत्या बाजूला उघडावे हे मी त्याला विचारले नव्हते, सांगितले होते. माझी एक चूक त्याने अत्यंत निष्ठेने सगळीकडे उतरवली, इतकेच.

दारे उलटी बसविता येतात. खांब आणि तुळया यांच्या बाबतीत तशी सोय नसते. इमारतीच्या सांगाड्याचे गणित पूर्वी आमचे स्थापत्य अभियंते हाताने करीत. उंच इमारत असली की आठवडेच्या आठवडे जात. आता स्टॅड किंवा ईटॅब्स यांसारख्या आज्ञावली ते काही मिनिटांत करतात, आणि हाताने कधी जमले नसते इतक्या खोलात जाऊन करतात. हे मोठेच वरदान आहे. पण नॉर्वेतील एक घटना या संदर्भात सांगितली पाहिजे.

उत्तर समुद्रातील 'स्लाइपनर ए' या तेल व वायूच्या फलाटासाठी काँक्रीटचा प्रचंड पाया बांधण्यात आला होता. २४ पोकळ कोठ्या एकमेकींना चिकटवाव्यात तशी त्याची रचना होती. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगरजवळच्या खाडीत चाचणीसाठी तो हळूहळू पाण्यात उतरवीत असता कोठ्यांमधील एक भिंत फुटली, पाणी आत घुसले आणि ते सारे धूड तळाशी जाऊन आदळले. त्या आघाताची नोंद भूकंपमापकांवर झाली. सुदैवाने मनुष्यहानी झाली नाही, परंतु आर्थिक हानी सुमारे ७० कोटी डॉलरच्या घरात गेली.

चौकशीत कारण निघाले ते असे. संगणकी विश्लेषणात रचनेचे लहान लहान तुकडे कल्पून त्यांची जाळी तयार करतात आणि प्रत्येक तुकड्यावरचा ताण काढतात. कोठ्या जेथे एकत्र येतात, त्या नाजूक जागी ही जाळी फार ढोबळ ठेवली गेली होती. परिणामी भिंतीला कात्रीसारखे कापू पाहणारे बल प्रत्यक्षापेक्षा ४७ टक्क्यांनी कमी दिसले, आणि सळयांची मांडणीही तेथे अपुरी पडली. नंतर बारकाईने केलेल्या विश्लेषणात भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती. म्हणजे गणिताची रीत उत्तम होती. एखाद्या अनुभवी अभियंत्याने कागदाच्या पाठीमागे हाताने ढोबळ हिशेब केला असता, तरी त्या भिंतीविषयी शंका यावी अशी ती चूक होती.

आता आपल्या इमारतीकडे येतो. भूकंपासंबंधीच्या भारतीय मानक १८९३ मध्ये 'महत्त्व गुणांक' नावाचा एक आकडा आहे. त्याच्या २००२ च्या आवृत्तीत सामान्य इमारतीसाठी तो १ होता आणि रुग्णालयासाठी १.५. कारण उघड आहे. गाव कोसळले तरी रुग्णालय उभे राहिले पाहिजे. जखमींना आणायचे कुठे? २६ जानेवारी २००१ रोजी भूजमध्ये नेमके रुग्णालयच कोसळले. तेथे नंतर जी इमारत उभारली, ती रबर आणि शिशाच्या आधारकांवर तोललेली आहे, जमीन हलली तरी धक्का वर कमी पोचावा म्हणून.

हा गुणांक आज्ञावलीत भरायला एक लहानसा चौकोन असतो. घाईत कोणी तेथे १.५ ऐवजी १ भरला, तर भूकंपाचे हिशेबी बल एक तृतीयांशाने कमी होते. संगणक हरकत घेत नाही. उत्तरे सुबक तक्त्यांत छापून येतात, सळईही कमी लागते, आणि देणगीदारांना वाटते की खर्च वाचला.

त्याच्याही पलीकडची गोष्ट किल्लारीची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपूर्वी तो प्रदेश आपल्या भूकंप नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात गणला जात होता. त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी कोणी जगातील सर्वोत्तम संगणकाला विचारले असते, तरी त्याने नकाशातला तोच आकडा घेऊन तेच समाधानकारक उत्तर दिले असते. २००२ मध्ये तो नकाशा बदलला. यंत्राला जमीन दिसत नाही. त्याला आपण जमिनीविषयी जे समजतो तेवढेच दिसते.

अलीकडची साधने आणखी पुढे गेली आहेत. रेव्हिटसारख्या आज्ञावलीत आता नुसत्या रेघा नसतात. भिंतीला आपण भिंत आहोत आणि नळाला आपण नळ आहोत, हे जणू ठाऊक असते. शस्त्रक्रियागृहाच्या हवेचा पन्हाळा तुळईला धडकतो, ऑक्सिजनचा नळ विजेच्या ट्रेमधून जातो, असे घोटाळे पूर्वी गवंडी काम करताना सापडत आणि मग तुळईला छिन्नी लागे. आता ते बांधकामापूर्वीच सापडतात. आपल्या आराखड्यात पहिल्या फेरीत असे शेकड्यांनी सापडले. कृपया घाबरू नये, ते सापडले हेच चांगले. परंतु व्हॉल्व्ह बंद करणाऱ्या माणसाचा हात तेथे पोचेल का, हे संगणक तेव्हाच तपासतो जेव्हा हातासाठी इतकी जागा राखावी असे त्याला कोणी सांगते. आणि हे सांगणारा माणूस माझ्या कार्यालयात नाही. तो आपल्याकडे रात्रपाळीला असतो.

म्हणून विश्वस्त मंडळाकडे माझ्या दोन मागण्या आहेत. दुसऱ्या, आमच्याशी संबंध नसलेल्या एखाद्या स्थापत्य अभियंत्याकडून सांगाड्याची तपासणी करून घ्यावी. त्याने आमच्या संगणकाची फाईल घेऊ नये, कागद, पेन्सिल आणि स्वतःचे डोके घेऊन बसावे. त्याचे शुल्क अंदाजपत्रकात नाही, ते वाढवावे लागेल. आणि पायाभरणी सहा आठवडे पुढे ढकलावी. पावसाळा तोंडावर आहे, देणगीदारांना कोनशिला पाहायची आहे, हे मी जाणतो. तरीही हे मागतो आहे. या सहा आठवड्यांत दर मंगळवारी पाळी बदलण्याच्या वेळी नव्या इमारतीची प्रतिकृती याच सभागृहात पडद्यावर उघडी असेल. तिच्यातून चालता येते, दारे उघडता येतात, खाट फिरवून पाहता येते. परिचारिका, वॉर्डबॉय, आया, स्वयंपाकघरातील मंडळी आणि येथे दिवस काढलेले रुग्णांचे नातेवाईक यांनी अवश्य यावे आणि दोष काढावेत.

सुरुवात झालेलीच आहे. गेल्या आठवड्यात मेट्रनबाईंना मी अतिदक्षता विभाग पडद्यावर दाखवीत होतो. त्यांनी सगळे शांतपणे पाहिले. खाटांमधील अंतर, हात धुण्याची जागा, सारे त्यांना पसंत पडले. मग त्यांनी बाहेरच्या मार्गिकेकडे बोट दाखवून विचारले, "आणि रात्री नातेवाईक कुठं निजायचे?"

आज जुन्या इमारतीत ते जिन्याखाली सतरंजी टाकून निजतात. नव्या आराखड्यात तो जिना बंदिस्त आहे, आगीच्या नियमाप्रमाणे तसाच हवा. नातेवाइकांसाठीची जागा मी अजून काढलेली नाही. दुसऱ्या मजल्यावर भांडाराची एक खोली आहे, तिच्यावर आमचे काम चालू आहे.