चेहरा ओळखीचा, नाव आठवत नाही

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आदरणीय गुरुजन, आणि आपल्या १९८८च्या दहावीच्या सगळ्या मुला-मुलींनो,

पन्नाशी ओलांडलेल्या माणसांना ‘मुला-मुलींनो’ म्हणायची संधी या हॉलच्या बाहेर मिळणार नाही, म्हणून इथेच म्हणून घेते.

संयोजकांनी मला ‘प्रसिद्धीच्या शिखरावरून’ असा विषय दिला होता. मी त्यांना फोन करून सांगितलं, बाबांनो, मी शिखर लांबूनच पाहिलंय. मी मालिकांमधली आत्या, सिनेमातली शेजारीण, नर्स, न्यायाधीश आणि अलीकडे नायकाची आई. लोक मला बघून थांबतात आणि म्हणतात, “तुम्हाला कुठेतरी पाहिलंय.” चेहरा ओळखीचा असतो, नाव आठवत नाही. तेव्हा त्या पायरीवरून जेवढं दिसतं तेवढं सांगते.

काल संध्याकाळपासून तुम्ही मला तीनच प्रश्न विचारताय. लोक ओळखतात का? पैसे किती मिळतात? आणि आवाज खाली आणून तिसरा, “हे क्षेत्र मुलींसाठी कसं आहे गं?” त्याच क्रमाने उत्तरं देते.

लोक ओळखतात, पण मला नाही. मागे एका मालिकेत मी सुनेला छळणारी आत्या होते. तेव्हा भाजी घेताना एका आजींनी मला अडवलं आणि म्हणाल्या, “त्या पोरीला उपाशी ठेवलंस, तुझं भलं होणार नाही.” मी पिशवीत मेथी घेऊन उभी. त्या माझ्यावर नाही, आत्यावर चिडल्या होत्या, म्हणून मला आनंदच झाला. मालिका बंद झाली, सहा-आठ महिने गेले, आणि त्याच बाजारात मला कोणी ढुंकून विचारेना. ही प्रसिद्धी रोज रात्री तुमच्या घरी यायच्या सवयीची असते. येणं बंद झालं की ओळख पुसट होते. नटीने तिच्यावर घर बांधू नये.

मग टिकतं काय? काम. आणि ते काम तुम्हाला वाटतं त्याहून बरंच कष्टाचं आणि कमी झगमगाटाचं असतं. रडायचा प्रसंग असेल तर एकदा रडून भागत नाही. आधी सगळे दिसतील असा मास्टर शॉट, मग माझा क्लोजअप, मग समोरच्याचा क्लोजअप. त्याच्या क्लोजअपच्या वेळी मी पडद्यावर नसते, पण कॅमेऱ्याशेजारी उभी राहून त्याला तितक्याच मनापासून संवाद द्यावा लागतो, कारण माझे डोळे बघून त्याचे डोळे भरायचे असतात. पहिल्या शॉटला ‘पण’ या शब्दावर चहाचा कप उचलला असेल, तर प्रत्येक शॉटला ‘पण’वरच उचलायचा, नाहीतर संकलकाला जोडता येत नाही. शेवटचा प्रसंग आधी आणि पहिला प्रसंग आठवड्याने, हे तर नेहमीचंच. मुलाच्या मरणाचा शोक सकाळी करायचा आणि दुपारी त्याच मुलाच्या लग्नाची खरेदी.

आपल्या मराठीच्या बाई इथे बसल्यात. बाई, तुम्ही धडा मोठ्याने वाचून घ्यायचात आणि स्वल्पविरामाला न थांबणाऱ्याला पुन्हा उभं करायचात. आम्हाला तेव्हा तो जाच वाटायचा. रात्री अकराला, दिवसातला चौदावा सीन, संवादाचे कागद पाच मिनिटांपूर्वी हातात आलेले, अशा वेळी मी पेन्सिल घेऊन श्वास कुठे घ्यायचा त्या खुणा करते. त्या खुणा तुमच्या तासाला शिकलेल्या आहेत.

आता पैसे. मालिकेत आम्हाला दिवसाप्रमाणे मानधन मिळतं. महिन्यात दहा दिवस बोलावलं तर दहा दिवसांचे, गोष्टीत आत्या गावाला गेली तर शून्य. केलेल्या कामाचे पैसे साधारण नव्वद दिवसांनी हातात येतात. म्हणजे दिवाळीत केलेल्या कामावर होळी साजरी होते. बारा तासांची शिफ्ट, वर मढ किंवा घोडबंदरपर्यंतचा जायचा-यायचा प्रवास. भविष्य निर्वाह निधी नाही, भरपगारी रजा नाही. एका निर्मात्याने माझे तीन महिन्यांचे पैसे अजून दिलेले नाहीत, आणि आता मी त्याची वाट बघणं सोडलंय. शिवाय वयाचा हिशोब आहेच. माझ्याच वयाचा नट अजून नायक आहे आणि गेल्या वर्षी मी त्याची आई झाले.

तिसऱ्या प्रश्नासाठी थोडं मागे जाते. सांगलीत बोलतेय, तर मागे जायला लाजायचं कारण नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच गावात ‘सीता स्वयंवर’ केलं, त्यातल्या सीतेपासून पुढची कितीतरी वर्षं रंगभूमीवरच्या बायका पुरुषच होते. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ केला तेव्हा तारामतीसाठी बाई मिळेना. शेवटी हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी ती भूमिका केली. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, या मायलेकी पडद्यावर आल्या. आणि १९३२ साली, इथून तासा-सव्वा तासावरच्या कोल्हापुरात, प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये तारामती झाल्या दुर्गा खोटे. तीच तारामती, तीच गोष्ट, आणि या दोन सिनेमांच्या मधे एकोणीस वर्षं गेली होती.

दुर्गाबाई सुशिक्षित, खात्यापित्या घरातल्या. घराची आर्थिक घडी विस्कटली म्हणून सिनेमात आल्या. पुढे एकाच कंपनीच्या पगारावर बांधून न घेता वेगवेगळ्या संस्थांमध्ये त्यांनी कामं केली आणि म्हातारपणापर्यंत करत राहिल्या. स्वतःची निर्मितीसंस्थाही उभी केली. १९८३ सालचा फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. दुसरीकडे हंसा वाडकर बघा. ‘लोकशाहीर रामजोशी’ आणि ‘सांगत्ये ऐका’ गाजवणारी ही बाई, पण कोवळ्या वयापासून तिच्या कमाईवर घर चालायचं. ते सगळं तिने आत्मकथनात सांगितलं, आणि त्यावरून १९७७ साली श्याम बेनेगलांनी ‘भूमिका’ काढला. त्यात काम करून स्मिता पाटीलने राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. दोघी गुणी. पण माझ्या समजुतीने त्यांच्या आयुष्यातला एक मोठा फरक असा, की एकीला ‘नाही’ म्हणायला जागा होती आणि दुसरीला ती कोणी ठेवलीच नाही.

स्मिताचंच बघा. १९८२ या एकाच वर्षी तिचा ‘उंबरठा’ही आला आणि ‘नमक हलाल’ही. एकात घर सोडून काम करायला निघालेली बाई, दुसऱ्यात पावसातलं गाणं. लोक अजून वाद घालतात की तिने ते दुसरं का केलं. मी वाद घालत नाही. नटीला दोन्ही करावं लागतं. फक्त कुठलं आपण निवडलं आणि कुठलं आपल्यावर आलं, हे तिचं तिला माहीत असावं.

हे सगळं आज सांगतेय त्याला कारण आहे. आपल्यातलाच एक जण काल जेवणानंतर माझ्याजवळ येऊन बसला. त्याची मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिला मुंबईला जाऊन अभिनय करायचाय. चार महिने बाप-लेक बोलत नाहीत. तो म्हणाला, “तू तिला समजाव, तुझं ऐकेल.” नाव घेणार नाही, पण उत्तर सगळ्यांसमोर दे असं तोच म्हणाला, कारण आपल्यातल्या आणखी दोघा-तिघांच्या घरी हेच चाललंय.

तर मित्रा, मी तिला परावृत्त करणार नाही आणि हरभऱ्याच्या झाडावरही चढवणार नाही. तिला एवढंच सांगेन: एक वर्ष राहिलंय, पदवी पूर्ण कर. तोवर एकांकिका कर, राज्य नाट्य स्पर्धेत उभी राहा, तिथे पंधरा प्रेक्षकांसमोरही काम करायला आवडतं का ते बघ. सहा महिन्यांचा खर्च गाठीला असल्याशिवाय मुंबईत खोली घेऊ नको. काम देतो म्हणून जो आधी पैसे मागेल, तो काम देणारा नाही. भेटायला बोलावलं तर दिवसा, ऑफिसात, आणि कुठे चाललीस ते मैत्रिणीला सांगून जा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ पासून कायदा आहे, आणि दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे तक्रार समिती असायलाच हवी. आपल्या सेटवर ती आहे का, हे पहिल्या दिवशी विचारायला लाजू नको.

आणि तुला वेगळं सांगते. घाणेरडी भूमिका, वाईट माणूस, फसवा करार, या सगळ्यांना ‘नाही’ म्हणायचं बळ मुलीला अभिनयाच्या वर्गात मिळत नाही. ‘नाही जमलं तर मी घरी जाऊ शकते’ एवढं ज्या मुलीला ठाऊक असतं, ती मान ताठ ठेवून नकार देते. जिच्यामागे घराने दार लावून घेतलंय तिला समोर येईल ते घ्यावं लागतं. अशा मुली मी मेकअपरूममध्ये बघितल्यात. रात्री घरी फोन लावायला त्यांच्याकडे नंबर असतो, पण त्या लावत नाहीत. तुला तिची काळजी वाटते म्हणून तू बोलणं बंद केलंस. पण तिच्याजवळचं सगळ्यात कामाचं हत्यार तूच काढून घेतलंस. तुला पटो न पटो, आज रात्री तिला फोन कर. सिनेमाचा विषय काढू नको, जेवलीस का एवढं विचार.

शेवटी एक जाहीर निवेदन. तुमच्यापैकी कोणाचंही पोर मुंबईत आलं, तर माझ्या घरी त्याला पोहे मिळतील, ऑडिशनच्या आदल्या रात्री झोपायला गादी मिळेल, आणि करार वाचून दाखवला जाईल. काम मिळवून देईन असं मात्र म्हणणार नाही, ते माझंच मला दर तीन महिन्यांनी नव्याने शोधावं लागतं. येताना भडंगाची दोन पाकिटं आणायला सांगा.