डोंगरी भागातील परिचर्या : बाळंतीण आणि बालक



भोर आणि वेल्हे या तालुक्यांत अंतर किलोमीटरमध्ये सांगून भागत नाही. (वेल्हे तालुक्यास आता राजगड हे नाव मिळाले आहे, लोकांच्या तोंडी मात्र वेल्हेच आहे.) भाटघर जलाशयाकाठचे वेळवंड खोरे, हिरडस मावळातील वाड्या, घाटमाथ्यालगतचे केळद, येथून निघालेल्या रुग्णास मोठे रुग्णालय गाठण्यास किती तास लागतील, एवढाच प्रश्न असतो. आषाढात ओढा भरला की त्याचेही उत्तर देता येत नाही. शासकीय निकषांनी हे ओळखले आहे. मैदानी प्रदेशात 5,000 लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र, तर डोंगरी भागात 3,000 लोकसंख्येमागे. त्या उपकेंद्रातील परिचारिकेस गावकरी 'नर्सबाई' म्हणतात.

तिच्यासमोर वारंवार येणारी दोन संकटे वरवर निराळी दिसतात. बाळंतिणीचे रक्त जाते आणि जुलाब लागलेल्या मुलाच्या अंगातील पाणी जाते. दोन्हींत किती गेले हे वेळीच मोजणे हेच निम्मे उपचार होत, आणि नेमके तेच राहून जाते.

दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला सुमारे अर्धा लिटर रक्त वाहत असते. वार सुटल्यावर गर्भाशयाचे स्नायू आवळले, तरच रक्तवाहिन्यांची तोंडे मिटतात. स्नायू सैल राहिले तर धडधाकट स्त्रीही एकदोन तासांत दगावू शकते. रक्तक्षय असलेली तर त्याहून लवकर. म्हणून मूल जन्मताच, पोटात दुसरे मूल नाही याची खात्री करून, एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचे 10 युनिटचे इंजेक्शन द्यावयाचे असते. हे औषध 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. वीज गेली आणि शीतपेटी उबदार झाली, तर औषधाची शक्ती हळूहळू कमी होते, बाटलीकडे पाहून ते कळतही नाही. अशा ठिकाणी मिसोप्रोस्टॉलच्या 200 मायक्रोग्रॅमच्या तीन गोळ्या उपयोगी पडतात. त्यांना शीतपेटी लागत नाही.

रक्तस्रावाचा अंदाज डोळ्यांनी केला तर तो बहुधा कमीच निघतो. रक्त गोधडीत मुरते, लुगड्याच्या घडीत राहते. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील रुग्णालयांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात प्रसूतीनंतर स्त्रीच्या खाली मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी ठेवली गेली आणि 500 मिलिलिटरला सर्व उपाय एकदम सुरू केले गेले. 2023 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गंभीर परिणाम शेकडा 60 ने घटले होते. औषधे जुनीच होती.

बाळंतिणीला झटके आले की ते बाहेरची बाधा समजून वेळ दवडला जातो. मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा उपकेंद्रातच देऊन तिला पुढे पाठवणे, हा येथील नियम होय.

मुलांच्या जुलाबाविषयीचे गैरसमज अधिक चिवट आहेत. 'दात येत आहेत, होणारच' असे म्हणून दोन दिवस जातात; त्यात अंगावरचे दूध बंद करण्याचा सल्ला मिळतो, आणि मूल सुकत जाते. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली, शिरेतून देण्याचे सलाइन संपले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पिंपांत भरून नातेवाइकांकरवी पाजले. शेकडा 30 च्या घरातील मृत्युप्रमाण शेकडा 4 च्या आत आले. तीच आपली जलसंजीवनी.

एक पाकीट एक लिटर पाण्यात, आणि ते 24 तासांत संपवावे. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिलिलिटर, चमच्याचमच्याने. ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा. दूध व पेज चालू ठेवावी. मूल गळून गेले, त्याला पिता येईना, डोळे खोल गेले किंवा पोटावरची त्वचा चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश परतली, तर घरी थांबू नये. जस्ताची गोळी चौदा दिवस द्यावयाची असते. जुलाब थांबला की ती तिसऱ्या दिवशी फडताळात जाते. म्हणून नर्सबाईला किंवा आशा कार्यकर्तीला त्या घरी पुन्हा जावे लागते, गोळ्या मोजाव्या लागतात.

आता 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. ती येईपर्यंत परिचारिका एका चिठ्ठीवर लिहिते : मूल किती वाजता झाले, किती रक्त गेले, कोणते इंजेक्शन केव्हा दिले, नाडी किती. ती चिठ्ठी बाळंतिणीच्या सोबत गेली, तर पुढच्या डॉक्टरास पहिल्यापासून विचारपूस करावी लागत नाही.