बंद पडलेला कॉम्प्युटर आणि मंडळाचे हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या समारंभात मी चार शब्द बोलावेत असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मी सातवी शिकलेली, घरसंसार सांभाळणारी बाई. लोकांपुढे उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. परंतु गेल्या श्रावणात आपल्या मंडळाचा कॉम्प्युटर बंद पडला आणि पुन्हा सुरू झाला, तो कसा, हे सर्वजणींना कळावे असे त्यांचे म्हणणे पडले. शिवाय त्या प्रकरणातली एक गोष्ट मला स्वतःलाच सांगून टाकावयाची होती. म्हणून उभी राहिले आहे. काही चुकले तर पदरात घ्यावे.

त्या संध्याकाळी मंडळाची खोली बंद करण्याची पाळी माझी होती. कॉम्प्युटर बंद करावयास गेले, तो पडद्यावर ठिपक्यांचे वर्तुळ फिरत होते. शेजारी ३० टक्के असा आकडा होता आणि खाली इंग्रजीत 'बंद करू नका' अशा अर्थाची ओळ होती. मी इंग्रजी अक्षरे लावून लावून वाचते. तेवढी ओळ मी वाचली होती, हे आज कबूल करते. पण बराच वेळ आकडा हलेना. घरी सासूबाईंच्या जेवणाची वेळ झालेली. मी भिंतीवरचे बटण बंद केले, कुलूप लावले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू होईना. कंपनीचे चिन्ह दिसे, वर्तुळ फिरे, निळा पडदा येई आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. आपणांपैकी पुष्कळजणींना तो दिवस आठवत असेल. त्या यंत्रात ४६ जणींच्या बचतीचे, घेतलेल्या कर्जाचे आणि फराळाच्या मागण्यांचे हिशेब होते. कागदी वही आपण दोन वर्षांपूर्वीच बंद केली होती. पैसा बँकेत होता हे खरे, परंतु त्यात कोणीचे किती, हे ते यंत्रच जाणत होते. कोणी शिवण शिवून, कोणी चार घरची धुणीभांडी करून तो पैसा साठविलेला. दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा येऊन पाहून गेला आणि म्हणाला, "काकू, फॉरमॅट मारावा लागेल. जुने काही राहील असे सांगता येत नाही." आम्ही जवळजवळ 'बरे' म्हणून बसलो होतो.

त्या रात्री मी पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, कोणालाही फॉरमॅट करू देऊ नकोस. आणि आधी मला खरे सांग, बंद पडण्यापूर्वी शेवटी काय झाले होते? त्यावरून उपाय ठरतो." डॉक्टरांपुढे दुखणे लपवून कसे चालेल? मी सारे सांगितले.

मग तिने मला जे समजाविले ते मी माझ्या भाषेत सांगते. यंत्र चालविणारी जी व्यवस्था असते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपल्या यंत्रात ती विंडोज आहे. ती म्हणजे घरातली कर्ती बाई. कोणता डबा कोठे, चूल कधी पेटवायची, सारे तिला ठाऊक. आपले हिशेब, पत्रे, फोटो हे डब्यांतले धान्य. कर्ती बाई आजारी पडली तर चूल पेटत नाही, पण म्हणून डब्यांतले धान्य नासत नाही. ती अंथरुणावर पडली म्हणून कोणी सगळे धान्य उकिरड्यावर टाकील काय? पण सरसकट फॉरमॅट करणे म्हणजे तसेच होय. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! मी बटण बंद केले तेव्हा विंडोजच्या स्वतःच्याच फायलींची अदलाबदल चालू होती. ती अर्धवट राहिली. बिघाड तेथे होता, हिशेबात नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुलगी फोनवरून सांगत गेली आणि मी करीत गेले. प्रथम पेन ड्राइव्ह व प्रिंटर काढून ठेवले, कारण कधी कधी यंत्र लावलेल्या पेन ड्राइव्हवरूनच सुरू होण्याचा प्रयत्न करते आणि अडते. मग यंत्राचे बटण दहा सेकंद दाबून ते बंद केले, पुन्हा सुरू केले आणि चिन्ह दिसताच परत तसेच बंद केले. लागोपाठ दोन-तीनदा सुरू होणे फसले की विंडोज आपण होऊन दुरुस्तीचा पडदा पुढे करते. एरवी मात्र असे बटण दाबू नये. तेथे 'ट्रबलशूट' आणि मग 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' निवडले की औषधांची पेटी उघडते.

या पेटीतली औषधे सौम्यापासून कडकापर्यंत आहेत, आणि त्याच क्रमाने घ्यावीत. पहिले 'स्टार्टअप रिपेअर'. यात यंत्र स्वतःच दोष शोधून दुरुस्त करू पाहते. दुसरे 'अनइन्स्टॉल अपडेट्स', म्हणजे नुकतीच झालेली सुधारणा मागे घेणे. तिसरे 'सिस्टिम रिस्टोअर'. यात विंडोजने पूर्वी एखाद्या तारखेला स्वतःची खूण करून ठेवलेली असते, त्या दिवसाच्या स्थितीला ती परत जाते. आपली कागदपत्रे व फोटो यांना हे औषध हात लावीत नाही, फक्त त्या तारखेनंतर घातलेले प्रोग्राम निघून जातात. परंतु ही खूण करण्याची सोय आधीपासून चालू ठेवलेली असली तरच हे साधते. 'सेफ मोड' म्हणूनही एक सोय तेथे आहे. 'स्टार्टअप सेटिंग्ज'मधून यंत्र पुन्हा सुरू करून ४ हा आकडा दाबला की विंडोज अगदी मोजक्या सामग्रीवर उठते. दुखणेकऱ्याला पेजेवर ठेवावे तसे. तेवढ्यात दोष देणारा प्रोग्राम काढता येतो किंवा आपल्या फायली उतरवून घेता येतात.

सर्वांत शेवटी 'रिसेट धिस पीसी'. यात विंडोज नव्याने बसते. येथे दोन वाटा फुटतात. 'कीप माय फाइल्स' म्हटले तर आपल्या फायली राहतात, प्रोग्राम जातात. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' म्हटले तर सारेच जाते. भगिनींनो, या दोन ओळींतला फरक न कळता बोट लावू नये.

आपल्या यंत्राला पहिली दोन औषधे लागू पडली नाहीत. माझे हात गार पडले होते. तिसऱ्याच्या वेळी आठ दिवसांपूर्वीची एक तारीख दिसली, ती निवडली. मुलीने बजावले, "आता कितीही वेळ लागो, बटणाला हात लावू नकोस." पाऊण तास मी खुर्चीवरून उठले नाही. मग पडदा उजळला. हिशेबाची फाइल उघडली, तो बिघाडाच्या दिवसापर्यंतची एकूणएक नोंद जागच्या जागी! फक्त त्याच आठवड्यात बसविलेला प्रिंटरचा प्रोग्राम गेला होता, तो पुन्हा घातला.

आता ती सांगावयाची गोष्ट. यंत्र बंद होते त्या चार दिवसांत, टायपिंगला येणाऱ्या मुलीनेच काहीतरी केले असावे, असे आपणांपैकी काहीजणी म्हणत होत्या. मी ते ऐकले आणि गप्प राहिले. अध्यक्षाबाईंना मी नंतर सारे सांगितले, त्या मुलीचीही क्षमा मागितली. ती बिचारी म्हणाली, "जाऊ द्या, काकू." पण ठपका चारचौघींत आला, तेव्हा तो चारचौघींतच पुसला गेला पाहिजे. चूक माझी होती, तिची नव्हती.

अशा चुका मोठ्यांच्याही हातून होतात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षेच्या प्रोग्रामची एक सदोष फाइल जगभर गेली आणि सुमारे ८५ लाख यंत्रे निळ्या पडद्यावर अडली. आपल्या देशातल्या विमानतळांवर उतारूंना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तेथेही सगळे पुसून टाकण्याची गरज नव्हती. यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करून ती एक फाइल काढली की काम भागत होते, फक्त कितीतरी ठिकाणी ते एकेका यंत्रापाशी बसून करावे लागले.

यावरून मी शिकले ते थोडक्यात सांगते. सुधारणा चालू असता यंत्र बंद करू नये. घाई असेल तर दुसरीला बसवावे. दुरुस्तीला देताना पहिला प्रश्न विचारावा, "आमच्या फायली आधी बाहेर काढाल ना?" यंत्र अजिबात उठत नसले तरी डिस्क चांगली असेल तर ती दुसऱ्या यंत्राला जोडून फायली काढता येतात. मात्र डिस्कमधूनच टकटक आवाज येत असेल, तर घरी प्रयोग न करता यंत्र बंद ठेवून जाणकाराकडे न्यावे. काही यंत्रांत सामानाला बिटलॉकर नावाचे कुलूप असते आणि दुरुस्तीच्या वेळी ते ४८ आकडी किल्ली मागते. ती पुष्कळदा आपल्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवलेली असते. आजच पाहून कागदावर उतरवून कपाटात ठेवा.

आणि मुख्य म्हणजे दुसरी प्रत. आता दर शनिवारी आपले हिशेब वेगळ्या डिस्कवर उतरतात, ती डिस्क चिटणीसबाईंच्या घरी असते, आणि महिनाअखेरची बेरीज पुन्हा वहीत लिहिली जाते. ते काम मी मागून घेतले आहे. माझे अक्षर फारसे चांगले नाही, पण वाचता येते.