आरोग्यविमा : वाढ आणि उरलेली पोकळी
(झाशी येथील व्याख्यानातून)



१९८६ साली सार्वजनिक विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ आणली. १९९९ च्या विमा नियामक कायद्यानंतर खासगी कंपन्यांना प्रवेश मिळाला. २००६ मध्ये केवळ आरोग्यविम्याचाच व्यवसाय करणारी देशातील पहिली कंपनी, स्टार हेल्थ, चेन्नईत उभी राहिली. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेने गरीब कुटुंबांना वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण दिले. तथापि, येथील सदर बाजारातील छोटा दुकानदार बहुधा गरिबांच्या यादीतही नसतो आणि खासगी हप्ताही त्याला पेलत नाही. विमा ऐच्छिक असला की आजाराची शक्यता असणारेच अधिक येतात. हप्ता वाढतो, निरोगी माणसे दूर राहतात. म्हणून अशा व्यावसायिकांचा समूहविमा आवश्यक ठरतो. कारण जोखीम वाटली गेली, तरच हप्ता आवाक्यात येतो.