घाटापलीकडचे शेजारी

मी खडकवासल्याला राहतो. रविवारी धरणाच्या चौपाटीवर कणसं आणि भजी खायला येणाऱ्या पुणेकरांना समोर डोंगर दिसतात. ते ओलांडले की कोकण. हे डोंगर आमच्या घरातही होते. अब्बा सोलापूरकडचे, घरी दखनी बोलणारे. नोकरीपायी इथं आले. आई महाडजवळच्या एका गावची, कोकणी मुसलमान.

बाहेरच्याला आम्ही सगळे एकच. "तुम्हा मुसलमानांत कसं असतं?" असं कुणी विचारलं की मी म्हणतो, घाटावरच्या की घाटाखालच्या? इस्लाम कोकणात आला तो मुख्यतः अरब व्यापाऱ्यांबरोबर, समुद्रावरून. देशावर तो सुलतानांच्या राजवटींतून आणि सूफींच्या वाटेनं पसरला. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, देशावरचे बहुतेक हनफी. माध्यान्हीची सावली वगळून वस्तूची सावली तिच्याएवढी झाली की शाफईंच्या असरची वेळ होते. हनफी ती दुप्पट होईपर्यंत थांबतात. त्यामुळं आईचा जानमाज आधी अंथरला जाई, अब्बांचा नंतर. हनफींत खेकडा चालत नाही. माहेराहून चिंबोऱ्या आल्या की आई त्या वेगळ्या भांड्यात शिजवी आणि आम्ही पोरं तिच्याच पंक्तीला बसायचो!

आईची बोली मराठीचीच एक बहीण. अब्बांची दखनी उर्दूच्या घरची, पण तिनंही आपल्या 'नको'चा 'नक्को' केलेला आणि 'मैंच', 'आजीच' म्हणत मराठीचा 'च' उचललेला. म्हणजे भाषेत दोघं फार लांब नव्हते. लांब होते ते स्वभावात.

अब्बांकडं आनंद, राग, दुःख सगळं मोठ्यानं. पाहुण्याला दारातूनच हाका, मिठ्या, नको म्हणेपर्यंत आणि म्हटल्यावरही वाढणं. आईकडचे लोक पाहुण्याला शांतपणे विचारत, "जेवणार का?" फुफीच्या लेखी हा सरळ अपमान. मामा म्हणत, घाटावरचे लोक गाजावाजा फार करतात. दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिना आणि उरुग्वे यांचंही असंच म्हणे. भाषा स्पॅनिश, दोघांचंही आवडतं पेय माते, टँगोवर दोघांचाही हक्क, मध्ये फक्त प्लाता नदीचं रुंद मुख. तरी एक बडबडा आणि दुसरा अबोल, अशी त्यांची ख्याती.

आता असे ठोकताळे कितपत खरे? हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, म्हणजे पक्के कोकणी. तोंडी तलाकाविरुद्ध 18 एप्रिल 1966 रोजी सात महिलांचा मोर्चा त्यांनी मुंबईत विधानभवनावर नेला. त्यांना अबोल कोण म्हणेल? बार्शीचे शाहीर अमर शेख मात्र आमच्या फुफीच्या ठोकताळ्यात चपखल बसतात. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा त्यांच्या पहाडी आवाजानं गाजल्या.

हे सगळं आज मला कळतं. 1996 साली कळलं नव्हतं. जूनमध्ये अब्बा गेले. घरात आकांत झाला आणि आई कोपऱ्यात कोरड्या डोळ्यांनी बसून राहिली. फुफी सगळ्यांदेखत म्हणाली, "एक आंसू बी नै निकल्या इसका." मला ते पटलं. वाईट याचं वाटतं की मला ते पटलं. आईच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोललो. कविता मात्र लिहीत होतो, अब्बांवर.

इद्दत संपल्यावर तिला माहेरी नेलं. भोरवरून वरंधा घाट उतरणारी एसटी. तिथं मोठ्या खालाला मी मनातलं बोलून दाखवलं. खाला तांदळाच्या भाकरी थापत होती. तिच्या घरातले पुरुष दोन पिढ्या बोटींवर, पुढची पिढी आखातात. ती म्हणाली, "आमचे बाबा बोटीवर निघाले की आम्हांला ताकीद असायची, डोळ्यांतून पाणी काढायचं नाही. रडलं तर गेलेला माणूस परत येत नाही. तुझ्या आईला ही ताकीद तीन वर्षांची असल्यापासून."

आई आतून ऐकत होती. म्हणाली, "त्याला काय सांगत बसलीस? कालवण निवतंय."

परतीच्या एसटीत मी तिच्या शेजारी बसलो. घाट चढताना म्हटलं, "आई, माझं चुकलं." ती बाहेर बघत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "खिडकी लाव. गार वारा येतोय."

मी खिडकी लावली.