युरोपातील विद्यार्थ्यांची देवाणघेवाण



कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने बोनस, महागाईभत्ता नाहीतर कंत्राटी कामगार यांवर बोलावे, अशी साधारण अपेक्षा असते. आज आम्ही बोलणार आहोत ते युरोपातील शाळकरी मुलांच्या देवाणघेवाणीवर. विषयाचा आणि आमच्या कामाचा संबंध काय, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. तो संबंध ओघाने येईलच.

सुरुवात १९४३ सालापासून करू. फ्रान्स त्या वेळी जर्मनीच्या टाचेखाली होता. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत तिथल्या विशी सरकारने सक्तीच्या श्रमसेवेचा कायदा केला. वीस-बावीस वर्षांच्या मुलांची नावे नोंदविली, त्यांना आगगाडीत बसविले आणि जर्मन कारखान्यांत कामाला धाडले. या आणि याच्या आधीच्या सक्तीने जर्मनीत गेलेल्या फ्रेंच कामगारांची संख्या सहा लाखांच्या वर जाते. प्रवासखर्च सरकारचा, निवारा सरकारचा, जेवण सरकारचे. कामगाराच्या पोराला परदेश दाखविण्याची हौस सरकारांना लढाईतच येते, असे इतिहास वाचताना वारंवार दिसते. आपल्याकडचेच पाहा. कुलाबा जिल्ह्यातले यशवंत घाडगे यांनी इटली पाहिली ती १९४४ साली, आणि ते तिथेच कामी आले. त्यांच्यासारख्या किती शेतकऱ्यांच्या मुलांनी युरोप पाहिला तो बंदुकीच्या नळीवरून! तेव्हा एका देशाच्या मुलांनी दुसऱ्या देशात जाणे, ही गोष्ट मुळात नवी नाही. पाहुणे म्हणून जाणे आणि त्याचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून होणे, हे मात्र नवे आहे.

आता एका कामगार गावाकडे वळू. फ्रान्सच्या पूर्वेला स्वित्झर्लंडच्या सरहद्दीजवळ माँबेलियार नावाचे गाव आहे. त्याच्या शेजारीच सोशो येथे प्यूजो मोटारींचा प्रचंड कारखाना आहे. युद्धात हा कारखाना जर्मनांसाठी राबविला जात होता, म्हणून जुलै १९४३ मध्ये इंग्रज विमानांनी त्याच्यावर बाँब टाकले. बरेचसे बाँब वस्तीवर पडले आणि शंभरावर माणसे मेली. त्यानंतर तिथल्या प्रतिकारकांनी आतूनच यंत्रे उडवून दिली. अशा या गावाचे युद्धानंतरचे नगराध्यक्ष ल्यूसियाँ तारादाँ हे स्वतः बुखेनवाल्डच्या छळछावणीतून जिवंत परतलेले गृहस्थ होते. जर्मनांचे नाव काढू नका असे म्हणण्याचा अधिकार कुणाला असेल, तर तो त्यांना होता. त्यांनी १९५० साली जर्मनीतील लुडविग्सबुर्ग या शहराशी नाते जोडले. फ्रेंच आणि जर्मन शहरांमधले असे हे पहिलेच नाते. माँबेलियारवर पूर्वी सुमारे चारशे वर्षे व्युर्टेम्बर्गच्या जर्मन घराण्याची सत्ता होती, हा जुना धागा उपयोगी पडला, एवढेच. लढाई संपून जेमतेम पाच वर्षे झाली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या माणसाच्या छातीची कल्पना येते.

पुण्यात औंधकडे जाणाऱ्यांना ब्रेमेन चौक ठाऊक आहे. त्याचे नाव जर्मनीतील ब्रेमेन शहराशी असलेल्या मैत्रीवरून पडले आहे. चौकाला नाव देण्याने नात्याची सुरुवात होते, यात शंका नाही. पण माँबेलियार आणि लुडविग्सबुर्ग यांच्यात पुढे मुले, संघ, गायकमंडळी आणि साधे नागरिक एकमेकांच्या घरी जाऊन राहू लागले. फरक पडला तो त्यामुळे.

मात्र तरुणांना एकत्र आणले की आपोआप सलोखा होतो, असे समजणाऱ्यांपैकी आम्ही नाही. त्यांच्यासाठी एक कडू उदाहरण सांगतो. १९३० साली जर्मनीच्या काळ्या अरण्यात झोलबर्ग येथे फ्रेंच आणि जर्मन तरुणांचे एक शिबिर भरले. शेकोटी, गाणी, चर्चा, मैत्रीच्या आणाभाका सर्व काही झाले. त्याचा संयोजक कार्ल्सरुहे येथील चित्रकलेचा शिक्षक ओटो आबेट्स, आणि फ्रेंच बाजूचा त्याचा मित्र पत्रकार झाँ ल्युशेर. दहा वर्षांनी हाच आबेट्स हिटलरचा राजदूत म्हणून जिंकलेल्या पॅरिसमध्ये येऊन बसला, आणि ल्युशेरने जर्मनांची तळी उचलणारे दैनिक चालविले. युद्धानंतर ल्युशेरला १९४६ साली गोळी घालण्यात आली, आणि आबेट्सला १९४९ साली वीस वर्षांची सक्तमजुरी झाली. शेकोटीभोवती जुळलेल्या ओळखी आबेट्सला पॅरिसमध्ये उपयोगी पडल्या, पण वेगळ्याच कामासाठी. तेव्हा मैत्री कशाच्या पायावर उभी आहे, हे विचारावेच लागते.

तो पाया म्हणजे शाळेतले इतिहासाचे पुस्तक, हे ज्यांनी ओळखले ते बहुतेक साधे मास्तर होते. १९३५ साली फ्रेंच आणि जर्मन इतिहासशिक्षक पॅरिसला जमले आणि वादग्रस्त प्रश्नांवर त्यांनी एक मसुदा तयार केला. त्यांच्यात झ्यूल इझाक होते. यांच्या पुस्तकांवर फ्रान्समधल्या पिढ्या शिकल्या. पण जर्मनीत हिटलर आलेला होता. मसुदा तिथल्या वर्गांत पोचला नाही, आणि इझाक ज्यू असल्यामुळे १९४३ साली त्यांची पत्नी व मुलगी यांना पकडून आउश्वित्झला मारण्यात आले.

हे काम पुन्हा हाती घेतले गेले ते १९५१ साली. जर्मनीकडून ब्राउनश्वाइग येथील गेओर्ग एकर्ट आणि फ्रान्सकडून इतिहास-भूगोल शिक्षकांच्या संघटनेचे एदुआर ब्रूले हे पुढे आले. जर्मन बाजूला शिक्षकांच्या कामगार संघटना पाठीशी उभ्या होत्या, हे आम्ही थोड्या अभिमानाने सांगतो. वेतनश्रेणीच्या मागणीबरोबरच ‘आम्ही काय शिकवितो’ हाही प्रश्न संघटनेचा आहे, असे मानणारे शिक्षक तिथे होते. त्यांनी सुमारे चाळीस कलमे लिहून काढली. एका कलमाचा आशय असा, की १९१४ सालच्या कागदपत्रांवरून कोणत्याही एका सरकारने किंवा जनतेने युरोपीय युद्ध जाणूनबुजून घडवून आणले असे म्हणता येत नाही. आणखी दहा वर्षांनी, १९६१ साली, फ्रिट्स फिशर या जर्मन इतिहासकारानेच ग्रंथ लिहून बराच दोष जर्मनीच्या पदरात टाकला, आणि ते कलम वादात सापडले. आम्हांला यात काही वावगे दिसत नाही. पगाराचा करार मुदत संपली की पुन्हा चर्चेला येतो, तसाच हा करार. एका टेबलाशी बसून तो लिहिण्याची सवय लागली, हे महत्त्वाचे. पोलंडशी असेच काम १९७२ साली सुरू झाले, आणि ते जास्त अवघड होते. २००३ साली बर्लिनमध्ये भरलेल्या फ्रेंच-जर्मन मुलांच्या संसदेने दोन्ही देशांत एकच इतिहासाचे पुस्तक असावे अशी मागणी केली, आणि २००६ साली त्याचा पहिला भाग निघालासुद्धा. ते मुख्यतः द्वैभाषिक वर्गांपुरतेच राहिले, हेही सांगितले पाहिजे.

आता सरकारांकडे येऊ. सप्टेंबर १९६२ मध्ये द गोल जर्मनीच्या दौऱ्यावर आले. पहिल्या महायुद्धात ते जर्मनांच्या कैदेत होते. या दौऱ्यात डुइसबुर्ग येथे टिसेनच्या पोलाद कारखान्यातील कामगारांपुढे ते बोलले, आणि ९ तारखेला लुडविग्सबुर्गला हजारो तरुणांपुढे त्यांनी जर्मन भाषेत, पाठ केलेले भाषण केले. द गोल यांच्या राजकारणाबद्दल आमची मते वेगळी असली, तरी सत्तरी ओलांडलेल्या सेनापतीने शत्रूची भाषा पाठ करावी, ही गोष्ट लहान नव्हे. २२ जानेवारी १९६३ ला त्यांनी आणि आडेनाउअर यांनी पॅरिसमध्ये करारावर सह्या केल्या, आणि ५ जुलैला फ्रेंच-जर्मन युवक कार्यालय स्थापन झाले. दोन्ही सरकारे त्यात सारखा पैसा घालतात. आजवर या कार्यालयाच्या मदतीने गेलेल्या-आलेल्या मुलांची संख्या नव्वद लाखांच्या वर आहे.

ही व्यवस्था चालते कशी, ते पाहण्यासारखे आहे. दोन शाळांतले दोन शिक्षक आधी एकमेकांना पत्रे लिहितात. मग मुलांच्या जोड्या लावतात. एका बाजूचा वर्ग शिक्षकासह आठ-पंधरा दिवस जातो, आणि काही महिन्यांनी दुसरी बाजू परतभेट देते. कार्यालय अंतराच्या हिशेबाने प्रवासाला मदत करते. मुले हॉटेलात उतरत नाहीत, जोडीदाराच्या घरी राहतात. खरे शिक्षण सुरू होते ते तिथे. जर्मन घरात संध्याकाळी पाव, चीज, थंड मांस असे साधे खाणे असते. फ्रेंच घरात रात्रीचे गरम जेवण तासभर चालते. जर्मन शाळा पूर्वापार दुपारी सुटत आली, आणि फ्रेंच शाळेत संध्याकाळपर्यंत बसावे लागते. पहिल्या दोन दिवसांत जर्मन मुलगा थकून जातो आणि फ्रेंच मुलाला रिकाम्या दुपारचे काय करावे ते कळत नाही. ज्याच्या आजोबाला आपल्या आजोबाने कदाचित गोळी घातली असेल, त्याच्याच घरी आजीने वाढलेले खायचे, हा धडा कुठल्याही पुस्तकात घालता येत नाही. २००५ सालापासून युरोपातल्या शाळा संगणकावरूनही एकत्र प्रकल्प करतात. ते स्वस्त आहे, आणि चांगलेही आहे. पण संगणकावर कुणी पानात वाढीत नाही.

ब्रिजित सोझे या विदुषीच्या नावाने चालणारी एक लांब मुदतीची योजना आहे. तिच्यात मूल तीन महिने परक्या घरी राहते, आणि त्या घरचे मूल तीन महिने आपल्या घरी ठेवून घ्यायचे असते. ही फेड आम्हांला फार आवडते, कारण तिच्यात कुणी दाता नाही आणि कुणी याचक नाही. पण आमचा जन्म चाळीतल्या खोल्यांत लोकांचे प्रश्न ऐकण्यात गेला आहे, त्यामुळे आमच्या मनात लगेच येते ते असे: ज्याच्या घरी पाहुण्याला निजायला वेगळी जागा नाही, त्याचे काय? तो बाप मुलाला पाठवायला तयार असतो, पण पाहुणा आणायला लाजतो. आणि मग शिक्षक विचारतात तेव्हा मूलच ‘मला जायचे नाही’ म्हणून सांगते. दुसरी अडचण भाषेची. जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत मुलांची वाटणी दहाव्या वर्षाच्या सुमारास होते, आणि फ्रेंचसारखी दुसरी परकी भाषा शिकविली जाते ती जास्त करून विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळांत. म्हणजे भाषा ज्याला मिळाली, त्यालाच सहल मिळणार.

हीच गोष्ट विद्यापीठांत दिसते. सोफिया कोर्राडी नावाची इटालियन मुलगी १९५७-५८ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकली. रोमला परत आल्यावर तिथला अभ्यास धरायला तिच्या विद्यापीठाने नकार दिला. तिने हा अपमान गिळला नाही. १९६९ सालापासून तिने कुलगुरूंच्या परिषदांना, मंत्र्यांना निवेदने दिली, आणि १९८७ साली एरास्मुस योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी अकरा देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. आज शाळा, उमेदवार, शिक्षक सर्व धरून या योजनेत गेलेल्यांची संख्या दीड कोटीहून जास्त आहे. शाळांच्या भागीदारीच्या योजनेला १९९५ साली कोमेनियुसचे नाव दिले गेले. त्याचे घर आणि हस्तलिखिते लढाईत जळाली, आणि तो परागंदा होऊन आम्सटरडॅमला वारला. सचित्र पाठ्यपुस्तकाच्या या जनकाला मान मिळाला, हे योग्यच झाले. पण शिष्यवृत्तीने सगळा खर्च भागत नाही, बाकीचा बाप भरतो, आणि म्हणून शिकल्यासवरल्या घरची मुले या योजनांत प्रमाणाबाहेर दिसतात. युरोपातल्या लोकांनी हे लपविलेले नाही. फक्त ते बदलायला त्यांना फार वेळ लागला.

आता आम्ही आमच्या विषयावर आलो. शिकाऊ उमेदवार, म्हणजे फिटर, सुतार, स्वयंपाकी, न्हावी होऊ पाहणारी मुले. फ्रान्स आणि जर्मनीने त्यांच्यासाठी १९८० साली वेगळी व्यवस्था केली. तिचे कार्यालय सारब्रुकेन येथे आहे. एका धंद्याची मुले शिक्षकासह साधारण तीन आठवडे पलीकडे जातात आणि पलीकडच्या यंत्रांवर काम करतात. भाषा तोडकीमोडकी असते. पण लेथवर वस्तू कशी धरायची ते हातांना कळते, आणि मापे दोन्हीकडे मिलिमीटरमध्येच असतात. आजवर एक लाखाच्या वर मुलांनी याचा लाभ घेतला आहे. नव्वद लाखांपुढे हा आकडा केवढा, ते आपणच पाहा.

तो लहान राहण्याचे एक मोठे कारण पगार. उमेदवार हा विद्यार्थी असतो तसा कामगारही असतो. तो तीन आठवडे गेला तर त्याचा पगार कोण देणार आणि त्याचे काम कोण करणार? जर्मनीने २००५ साली कायद्यात स्पष्ट केले, की उमेदवारीच्या एकूण मुदतीपैकी चौथा हिस्सापर्यंत परदेशी शिक्षण उमेदवारीतच धरावे. म्हणजे करार तुटत नाही आणि वेतन चालू राहते. आपल्याकडच्या १९६१ सालच्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना याची किंमत सांगावी लागणार नाही. फ्रान्समध्ये मात्र २०१८ सालच्या कायद्याप्रमाणे उमेदवार चार आठवड्यांहून जास्त काळ बाहेर गेला की त्याचा करार निजवून ठेवीत, आणि मूळ मालकाची जबाबदारी तेवढ्या काळापुरती संपे. डिसेंबर २०२३ मध्ये तिथे नवा कायदा झाला, आणि आता करार व पगार चालू ठेवूनही मुलाला पाठविता येते. दोन्ही देशांत मालकाची संमती मात्र लागतेच. मोठ्या कारखान्याला ती देणे जड जात नाही. ज्या गॅरेजात एकच उमेदवार असतो, तिथला मालक विचारतो, ‘तीन आठवडे माझ्या गाड्या कोण दुरुस्त करणार?’ त्याचेही खोटे नसते. काही ठिकाणी उत्तर असे निघाले आहे, की जाणाऱ्याच्या जागी पलीकडचा उमेदवार येऊन काम करतो.